न झाडलेली वाडी

१८ नोव्हेंबर २०१४

आमचा गडी लाहू पडला. फवारणी चालू असताना.

मी ओटीवर पेपर वाचत होतो. पंप चालू होता, पण फवाऱ्याचा आवाज बदलला, म्हणून उठलो. जाऊन बघतो तर तिसऱ्या ओळीतल्या चिकूखाली लाहू आडवा. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, सदरा औषधाने चिंब. उंच झाडावर मारलेलं औषध शेवटी मारणाऱ्याच्याच अंगावर पडतं. सुकी, त्याची बायको, फळं वेचत होती. ती ओरडतही नव्हती. नुसती उभी.

सुदर्शन दुकानात होता. सूनबाईंनीच रिक्षा आणली, लाहूचं डोकं मांडीवर घेतलं आणि डहाणूला नेलं. मी मागे राहिलो. पंप बंद केला.

१९ नोव्हेंबर

लाहू वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

सुदर्शन दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होता. सगळा खर्च त्यानेच केला, हे लिहायला हवं. माझा मुलगा आहे म्हणून नाही, खरं आहे म्हणून. शेवटी डहाणूच्या बाजारात खत-औषधांचं दुकान त्याचं, बाटली त्याच्याच फळीवरची. "तोंडाला फडकं बांध म्हणून सांगितलं होतं मी त्याला," एवढंच परत परत बोलत होता. सांगितलं होतंच. फडकं झाडाच्या फांदीला टांगलेलं मला सापडलं. गरम होतं म्हणून काढलं असेल.

२३ नोव्हेंबर

जेवताना सूनबाई, पूर्वी, म्हणाली, "आपल्या वाडीत आता औषध मारायचं नाही."

सुदर्शन हसला. ती हसली नाही. "लाहूचे डोळे पांढरे झाले ते माझ्या मांडीवर. तुमच्या नाही."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. वाडी माझ्या नावावर ना! मी ताक मागितलं.

२ डिसेंबर

सुदर्शनची आई, यमुना, म्हणते, काहीतरी बोला. कशाला? नवरा-बायकोचं आहे. रेल्वेत इतकी वर्षं सिग्नलची कामं केली. गाडी कोणाची, कुठे चालली, हे आपण विचारत नव्हतो. मी मधे पडणार नाही.

१५ जानेवारी २०१५ — संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर तह झाला. वाडी पूर्वी बघणार. "एक वर्ष कर हौस," सुदर्शन म्हणाला. पावसाळ्यापर्यंत कंटाळेल असा त्याचा हिशोब. माझाही तोच.

पोरगी उंबरगावची, बी.एस्सी. झालेली. माहेरी सगळे गुजराती बोलतात, इथे आली ती मराठी शिकून. कोसबाडला शेतीच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आली आणि तेव्हापासून एकच धोशा — माती उघडी ठेवायची नाही, नांगर घालायचा नाही, पाला जाळायचा नाही. मला म्हणाली, "पप्पा, उघडी जमीन भाजते. एकदा दुपारी चपला काढून चालून बघा ना."

बघितलं नाही.

३ फेब्रुवारी

पाचोळा तसाच पडलेला. पोटरीपर्यंत. आमची वाडी नरपड गावात सगळ्यात स्वच्छ म्हणून ओळखली जायची. आई रोज सकाळी घर झाडून झालं की वाडी झाडायला घ्यायची. पडलेलं फळ रस्त्यावरून दिसलं पाहिजे, असं म्हणायची.

शेजारच्या वाडीचा चिमणभाई कुंपणापाशी आला. "घरात कोण आजारी आहे काय?"

१२ जुलै

झाडांच्या मधल्या पट्ट्यात ताग आणि चवळी. सुकी आणि पूर्वी दोघींनी पेरलं. ताग कमरेएवढा झाला की कापून तिथेच पाडायचा म्हणे. पेरायचा, वाढवायचा आणि पाडायचा! लाहू आता पंपाला हात लावत नाही. हात अजून थोडे कापतात, पण फावडं धरतो. उतारावर आडवे चर खणतोय. पाणी पळून जाऊ नये म्हणून.

मी एका चरात पडलो. लागलं नाही. यमुना हसत होती.

३० जुलै

सरावलीहून गाय आणली. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पिंपात कालवून ठेवतात आणि झाडांच्या मुळाशी ओततात. वास ओटीपर्यंत येतो. यमुनेची तक्रार बेसनाबद्दल.

१९ डिसेंबर

अळी. फळ वरून चांगलं, कापलं की बी पोखरलेलं. व्यापाऱ्याने निम्मा माल टेम्पोतून खाली उतरवला. चिमणभाईच्या वाडीतून मात्र भरून गेला. पूर्वी किडकी फळं वेचून खड्ड्यात पुरत होती, एकटी. हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

सुदर्शन म्हणाला, "वर्ष झालं."

ती म्हणाली, "नाही झालं. अजून एक लागेल."

७ मार्च २०१६

दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं म्हणे, "शेठ, तुमच्या वाडीत हे औषध चालत नाही, मग आम्हाला का देता?" चार माणसं उभी होती. सुदर्शन जेवला नाही. पूर्वीने ताट झाकून ठेवलं. सकाळी तसंच गाईला घातलं.

२४ एप्रिल

यमुना बायकांबरोबर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला जाऊन आली. देवीकडे काय मागितलं ते सांगत नाही. गाडीत कोणी तरी म्हणालं, सुनेला मूलबाळ नाही, म्हणून झाडांना कवटाळून बसली आहे. यमुना म्हणे त्या बाईला म्हणाली, "तुझ्या तिघांनी तुला काय दिलं ते सांग आधी." यात्रेच्या गाडीत! मी असतो तर खिडकीबाहेर बघितलं असतं.

१६ ऑगस्ट

सुदर्शन दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेला. भांडण नाही, आवाज नाही. कपडे बॅगेत भरले, म्हणाला, "पावसात रोज येणं-जाणं त्रासाचं होतं." डहाणू ते नरपड! पायी गेला तरी किती वेळ लागतो?

पूर्वी त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. छत्री विसरला होता, ती दिली. परत आली आणि तागात शिरली.

२ ऑक्टोबर

सुदर्शन दर रविवारी येतो. मला नमस्कार करतो, आईशी बोलतो, जेवतो. पूर्वी वाढते. आता तोही तिला अहो-जाहो करतो.

२१ मार्च २०१७

आग लागली. वाऱ्याची दुपार. रस्त्याकडून कोणी तरी विडी टाकली असावी. एवढा वाळका पाला — धावतच गेली! मी, लाहू, सुकी, पूर्वी, चिमणभाईचे गडी, सगळ्यांनी मिळेल त्याने झोडपली. चिमणभाईने स्वतःच्या पंपाची नळी कुंपणावरून टाकली. आटोक्यात आली तोवर रस्त्याकडची ओळ होरपळली होती. वडिलांनी लावलेली झाडं.

सुदर्शन धावत आला. काळ्या खोडाला हात लावून उभा राहिला. मग म्हणाला, "झाडलेली असती तर?"

पूर्वीने हात बादलीत बुडवले. तिच्या हाताला फोड आले होते.

मी चिमणभाईची नळी गुंडाळून दिली. मला काही बोलायचं होतं की नाही, ते नक्की सांगता येत नाही.

२४ मार्च

पूर्वी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. आज आली. रस्त्याच्या कडेने रुंद पट्टा साफ करायला घेतला. आतला पाला विळ्याने बारीक कापायचा, ओला ठेवायचा, वर हिरवं काही तरी राखायचं. "चूक माझी आहे, पप्पा. नुसतं टाकून ठेवलं की ते सरपणच झालं." बँडेज बांधलेल्या हाताने विळा चालवत होती.

संध्याकाळी मी होरपळलेल्या झाडांना चार बादल्या पाणी घातलं. बसून कंटाळा आला होता.

२ जून

त्या ओळीतली बरीच झाडं फुटली. तीन गेली.

१० डिसेंबर

तांबड्या मुंग्या. चिकूची पानं जोडून घरटी केलीत. तोडणीला गडी चढायला तयार नाहीत — चावतात. पूर्वी म्हणते राहू द्या, अळ्या खातात. या खेपेला फळ लहान आहे, पण पोखरलेलं कमी. व्यापाऱ्याने टेम्पोतून काही उतरवलं नाही. तोंड मात्र वाकडं केलं.

९ मे २०१८

आज एक उद्योग केला. जुना थर्मामीटर घेतला, भर उन्हात चिमणभाईच्या उघड्या जमिनीवर ठेवला, मग आमच्या पाल्याखाली. इतका फरक, की वाटलं थर्मामीटर बिघडला. परत ठेवला. तेवढाच.

पूर्वीला सांगितलं नाही. चपला काढून मात्र थोडा चाललो.

१८ जुलै

पाऊस तीन दिवस थांबलेला नाही. चिमणभाईच्या वाडीतून लाल पाणी वाहत रस्त्यावर येतंय आणि रस्त्यावरून खाडीकडे. आमच्या फाटकातून येतं ते थोडं आणि जवळजवळ नितळ. मी छत्री घेऊन बराच वेळ उभा होतो. लाल रंग म्हणजे त्याची माती. इतकी वर्षं आमचीही अशीच जात असणार, आणि आम्ही म्हणायचो, काय पाऊस झाला!

यमुना ओरडली — आत या, ताप येईल. आला.

२८ नोव्हेंबर

जमीन हादरते आहे. तलासरीकडे, धुंदलवाडीकडे जास्त. लोक घराबाहेर झोपतात असं ऐकतो. इथे मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. लाहूच्या पाड्यावर भिंतींना चिरा गेल्या.

१ फेब्रुवारी २०१९

आज मोठा हादरा. आम्ही सगळे वाडीत पळालो. यमुनेने गाईचं दावं सोडलं. काही वेळाने सुदर्शनची मोटरसायकल आली. स्टँड न लावताच टाकून दिली आणि आत धावला. आम्ही म्हातारा-म्हातारी समोरच उभे होतो. त्याने आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "पूर्वी कुठाय?"

ती मागून आली. म्हणाली, "आहे. तुम्ही हेल्मेट का नाही घातलं?"

तो थोडा वेळ झाडाखाली बसला. उठताना पायाखालचा पाला बाजूला करून बघत होता. माती काळी, मुठीत धरली तर लाडूसारखी वळणारी. दोन गांडुळं. झाकून ठेवलं. माझं लक्ष नाही असं त्याला वाटलं.

१९ मे

नरपडच्या विहिरी मचूळ झाल्या. दर वर्षी होतात — समुद्र इतका जवळ. आमचीही एप्रिल सरता सरता व्हायची, मग पिण्याचं पाणी टँकरचं. यंदा चिमणभाईची बाई घागर घेऊन आमच्याकडे आली. आमचं पाणी गोड आहे. यमुना म्हणते, डाळही पटकन शिजते.

पूर्वीचं म्हणणं, चरांतून आणि पाल्यातून पाऊस खाली मुरला, त्याने खारं पाणी मागे रेटलं. असेल. शिवाय आपण पंपही कमी चालवला. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. नोंद केली.

रविवार होता. सुदर्शन तांब्याभर पाणी प्यायला. मग अजून मागितलं.

१३ ऑक्टोबर

सुदर्शन एका माणसाला घेऊन आला. वापीचा व्यापारी. तीन वर्षांसाठी वाडी त्याच्याकडे द्यायची — मशागत त्याची, फवारणी त्याची, माल त्याचा. ट्रॅक्टर घालून आधी सगळं साफ करणार. बोलायला सज्जन माणूस. चहा पिऊन बाहेर गाडीत जाऊन बसला, आमचं बोलणं होईपर्यंत.

सुदर्शन म्हणाला, "बाबा, मला दुकानात उभं राहायला लाज वाटते. रोज कोणी तरी विचारतं, तुमच्या घरी चालत नाही ते आम्हाला का विकता? मी काय करतो, माहितीय? काही नाही. बाटली गुंडाळून देतो. वाडी त्याला देऊ. मी पूर्वीला घेऊन वापीला जातो. नवीन काही तरी करतो. तीन वर्षं झाली, बाबा, असं वेगळं राहायला."

मला वाटलं होतं तो रागावेल. तो रागावलेला नव्हता. थकलेला होता.

पूर्वी दाराशी उभी होती. म्हणाली, "मी येईन वापीला. पण वाडी ट्रॅक्टरखाली घालून नाही." मग माझ्याकडे न बघता, "पप्पांना विचारा. वाडी त्यांची आहे." आणि गाईचं दूध काढायला गेली.

सुदर्शन म्हणाला, "बोला."

मी म्हणालो, बघू.

तो उठला. उंबऱ्यावर थांबला. "आयुष्यभर बघतच आलात तुम्ही, बाबा. एकदा सांगा, मी की ती?" उत्तराची वाट न बघता गेला.

१४ ऑक्टोबर

यमुना काल जेवली नाही. आज सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "मधे पडत नाही म्हणता. मधेच तर बसलाय तुम्ही. त्या दोघांच्या."

यावर लिहिण्यासारखं काही नाही.

१५ ऑक्टोबर

दुपारी वाडीत शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन आलो. सुकी फळं वेचत होती. तिला विचारलं, वाडी दुसऱ्याने घेतली, फवारणी सुरू झाली, तर तू कामाला येशील? ती म्हणाली, "येन ना, शेठ. पोट आहे." जरा थांबली. "लाहूला नाही धाडणार."

२८ ऑक्टोबर — पाडवा

सुदर्शन आला नाही. दुकानावर राहायला गेल्यापासून पहिल्यांदा. यमुनेने ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं माझ्यासाठी. पूर्वीनेही तयार ठेवलं होतं, निरांजन लावून. वातीचं तेल संपलं तेव्हा तिने ते उचललं.

३ नोव्हेंबर

सुदर्शनला फोन केला. मीच. सहसा यमुना लावून देते.

म्हणालो, "वाडी मी पूर्वीच्या नावावर करतोय. विचारत नाही, सांगतोय. तू की ती, असं काही नाही त्यात. व्यापारी येतील, ट्रॅक्टर येतील, मी आज आहे उद्या नाही. जमीन धरून कोणी बसायला हवं, ती बसली आहे. तुझं दुकान, तुझी लाज, ते मी सोडवू शकत नाही. यायचं असेल तेव्हा घर उघडं आहे."

इतकं मी सलग कधी बोललो नव्हतो. 

 पलीकडून बाजाराचा आवाज येत होता. मग फोन ठेवल्याचा.

पूर्वीला सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, ते काय म्हणाले?" काही नाही, म्हणालो. तेव्हा रडली.

१४ नोव्हेंबर

डहाणू. नोंदणी कचेरी. बक्षीसपत्राला साक्षीदार दोन लागतात. चिमणभाई आला होता. दुसऱ्याने ऐन वेळी फोन केला, जमत नाही. लिपिक म्हणाला, मग उद्या या. पूर्वी कागद पिशवीत भरत होती.

मागून आवाज आला, "मी आहे ना."

सुदर्शन. दुकान बंद करून आला होता.